‘मीठ कमी करा’ एवढंच सांगून घरी पाठवू नका : जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना खारपाणपट्ट्यातून खुले पत्र

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
सविनय नमस्कार.

मी पूर्णा नदीकाठच्या एका खेड्यात राहते. घरची चार एकर कोरडवाहू शेती आहे आणि घराला लागूनच पिठाची गिरणी आहे, ती मी चालवते. गावाचं आणि जिल्ह्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण हे गाऱ्हाणं एका गावाचं नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या पट्ट्यातल्या, कोणत्याही घरी ते लागू पडेल. म्हणून तिन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजावं.

‘मीठ कमी करा’ या तीन शब्दांनी यंदा आमच्या घरात दोन बायकांचं नुकसान केलं. एकीचं थोडं, एकीचं जिवावर बेतेल इतकं. आणि दोघींचं कारण एकमेकींच्या अगदी उलट. सल्ला चुकीचा होता असं मी म्हणत नाही. तो अर्धाच होता.

संक्रांतीनंतर आमच्या उपकेंद्रात तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी झाली. आशाताई घरोघरी फिरून फॉर्म भरून गेल्या होत्या, म्हणून गिरणी बंद ठेवून मीही गेले. वय ४४, उंची पाच फूट, वजन ७८ किलो, बीपी १५२/९६. आठ दिवसांनी पुन्हा मोजलं तरी जवळपास तेवढंच. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि सांगितलं, ‘वजन कमी करा, मीठ कमी करा, रोज चाला.’ माझ्या मागे ओळीत तीस-चाळीस माणसं उभी होती, त्यामुळे याहून जास्त बोलायला त्यांना वेळ नव्हता हे मलाही दिसत होतं. सासूबाई माझ्या मागेच होत्या. त्यांना बीपीसाठी आधीपासून ‘पाण्याची गोळी’ चालू आहे. त्यांनाही तेच सांगितलं.

मी मनावर घेतलं. गिरणीवर धान्याची पोती मोजायचा काटा आहे, पन्नास ग्रॅमपर्यंत दाखवतो. रोज सकाळी चहाच्या आधी त्यावर उभी राहायची आणि आतल्या दारामागे खडूने आकडा लिहायची. भाजीत मीठ निम्मं केलं, भात बंद केला, पोळ्या चाराच्या दोन केल्या. पहिल्या आठ दिवसांत ७८.४ चे ७६.५ झाले. दळणाला येणाऱ्या प्रत्येकीला मी सांगत सुटले. चार-पाच जणींनी घरी मीठ कमी केलं, त्यांचाही किलो-दीड किलो उतरला.

मग काटा थांबला. तीन आठवडे तोच आकडा, फार तर शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे. फाल्गुनात चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. दोन दिवस पंगतीत जेवले. पापड, लोणचं, मठ्ठा, आलुबोंडा-रस्सा, जे वाढलं ते घेतलं. परत येऊन काट्यावर उभी राहिले तर १ किलो ७०० ग्रॅम जास्त. महिनाभराचं सगळं दोन दिवसांत वाया गेलं असं वाटून त्या रात्री मला घास उतरला नाही. माझ्यासोबत सुरुवात केलेल्या दोघींनी तर ‘आपल्यानं हे व्हायचं नाही’ म्हणून सोडूनच दिलं. त्या आता काट्याजवळ फिरकत नाहीत.

साहेब, तेव्हा कुणी एवढंच सांगितलं असतं की पहिल्या आठवड्यात गेलं ते बहुतेक पाणी आणि लग्नात आलं तेही बहुतेक पाणीच, तर त्या दोघी आज माझ्यासोबत चालायला येत असत्या.

मला हे कळलं मे महिन्यात, दवाखान्यात, सलाइनच्या बाटलीवरची अक्षरं वाचताना.

आमच्याकडे मे म्हणजे पंचेचाळीस अंश. सासूबाई दुपारी माजघरात सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी पाणी प्यायला आत गेले तर त्यांचा हात सुपावर फिरत होता आणि सुपात एकही दाणा नव्हता. डाळ सगळी खाली सांडलेली. हाक मारली तर त्यांनी मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं ओ दिली. उठवायला गेले तर पाय टेकेनात. आम्हाला वाटलं ऊन लागलं. तालुक्याला नेलं, रक्त तपासलं, तर सोडियम, म्हणजे मिठातूनच अंगात येणारा घटक, १२१. ते १३५ ते १४५ असावं लागतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. आणखी उतरलं असतं तर झटके आले असते. वाढवायचं तेही एकदम नाही, हळूहळू, म्हणून तीन दिवस ठेवून घेतलं.

शुद्धीवर नीट आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘डॉक्टर मीठ कमी कर म्हने. म्या म्हटलं, कमी कायले, बंदच करून टाकतो.’ दोन महिन्यांपासून त्या स्वतःची भाजी वेगळी काढून अळणी खात होत्या, आणि आम्ही त्यांच्या निग्रहाचं कौतुक करत होतो. त्यात पाण्याची गोळी, जी लघवीवाटे पाण्यासोबत सोडियमही काढते. त्यात घाम. त्यात हापशीचं पाणी खारं म्हणून उन्हाळाभर प्यायला फक्त आरओच्या, म्हणजे यंत्राने क्षार काढलेल्या, कॅनचं पाणी, ज्यात मीठ जवळजवळ नसतंच. सगळ्या बाजूंनी सोडियम बाहेर, आत अगदी थोडं. ७१ वर्षांच्या बाईला ‘कमी’ म्हणजे किती आणि ‘बंद’ का नाही, हे कुणी तरी तिच्या भाषेत सांगायला हवं होतं. गोळी सोडू नका, पण मीठही पूर्ण सोडू नका, आणि गुंगी आली, तोल गेला, बोलणं असंबद्ध झालं तर थांबू नका, लगेच या. एवढं सांगायला एक मिनिट लागतं.

त्यांच्या खाटेशी बसून मी ती बाटली वाचली. सोडियम क्लोराइड ०.९ टक्के, ५०० मिली. म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. तिथल्या सिस्टरना विचारलं तर त्यांनी समजावलं की आपल्या अंगातल्या पाण्याचा खारटपणाही साधारण एवढाच असतो आणि शरीर तो फार हलू देत नाही. मीठ जास्त झालं की त्याला पुरेल इतकं पाणी अंगात धरून ठेवतं, कमी झालं की सोडून देतं. साडेचार ग्रॅम मीठ अंगात जास्तीचं थांबलं तर काट्यावर अर्धा किलो. पुढे किडनी दोन-चार दिवसांत ते बाहेर काढते आणि आकडा परत उतरतो. भात-पोळी एकदम कमी केली की स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर वापरली जाते, तिच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. माझ्या दारामागच्या खडूच्या आकड्यांचा अर्थ मला तिथे लागला. आठ दिवसांत दोन किलो चरबी जाऊच शकत नव्हती. एक किलो चरबी जाळायला साडेसात-पावणेआठ हजार कॅलरी कमी पडाव्या लागतात, आणि मिठात एकही कॅलरी नाही.

मग वजन उतरवायला मीठ कमी करण्याचा काही उपयोगच नाही का? आहे, पण तो वेगळ्या वाटेने. मी चिवडा, शेव, तळलेला पापड, तेलात बुडालेलं लोणचं, पोह्यावरची तर्री सोडली ती खारट म्हणून. पण गेलं त्यांच्यासोबतचं तेल. लोणच्याची फोड नसली की दुसरी पोळी मागितली जात नाही, हे मी स्वतःवर पाहिलं. लग्नानंतर पुढच्या पाच महिन्यांत माझे जे साडेपाच किलो खरोखर उतरले, ते या वाटेने आणि चालण्याने. आणि बीपीला तर दोन्हीकडून फायदा होतो. मीठ कमी झाल्याने उतरतं, आणि वजनाच्या दर किलोमागे साधारण एक अंकाने उतरतं ते वेगळं. माझं परवा १३४/८६ होतं. गोळी चालू आहे, ती मी माझ्या मनाने बंद करणार नाही.

आता ‘कमी’ म्हणजे किती, याबद्दल. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहार मार्गदर्शक तत्त्वांतही हाच आकडा आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतीय माणूस दिवसाला सरासरी ८ ग्रॅम खातो असं आढळलं. पण पाच ग्रॅम हा आकडा आमच्या घरात कुणाच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. भाजीत मीठ चिमटीने पडतं, चमच्याने नाही. मी काय केलं ते सांगते, तुमच्या कर्मचाऱ्यांना हे बिनखर्चाचं वापरता येईल. मिठाची किलोची नवी पुडी फोडली त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख टाकली. घरात पाच माणसं. माणशी पाच ग्रॅम धरलं तर रोजचं २५ ग्रॅम, म्हणजे पुडी चाळीस दिवस पुरायला हवी. आमची तेविसाव्या दिवशी संपली. माणशी जवळपास ९ ग्रॅम, आणि यात पापड-लोणच्याचं मीठ धरलेलंच नाही. ती रिकामी पुडी मी ओट्यावर खिळ्याला अडकवून ठेवली. कोणत्याही भाषणापेक्षा तिचा परिणाम जास्त झाला. आता आमची पुडी छत्तीस दिवसांवर आली आहे. जीभ सुरुवातीला कुरकुरते, महिना-दीड महिन्यात ऐकते. आंबट वरणाला चिंच थोडी जास्त, भाजीवर लिंबू, वरून मूठभर सांबार (कोथिंबीर), जेवणात जवसाची चटणी, अंबाडीची भाजी. ज्वारीच्या भाकरीत तर मीठ घालावंच लागत नाही, हे आपल्या जेवणाचं केवढं मोठं देणं आहे!

पण डोळ्यांना न दिसणारं सोडियम कुणी सांगत नाही. चैत्रात आम्ही वाळवणं घालतो. पापड, कुरडया, खारोड्या. खारोडीच्या तर नावातच खार आहे. पापडात मीठ असतंच, वर पापडखार, आणि पापडखारही सोडियमचाच. भज्यांत, पाटोडीत सोडा. खाऱ्या-जड पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही म्हणून तिच्यात सोडा. खाण्याच्या सोड्यात वजनाच्या पावपटीहून जास्त सोडियम असतं. पोटात जळजळ झाली की पाण्यात फसफसणारं चूर्ण घेतात, तेही तेच. माझी एक मैत्रीण वजन उतरवायला रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि सैंधव मीठ घेते. तिला कुणी तरी सांगितलं की सैंधव चालतं. सैंधवही मीठच आहे, सोडियम जवळपास तेवढंच. फरक एवढा की त्यात बहुतेक वेळा आयोडीन मिसळलेलं नसतं, आणि आयोडीनसाठीच तर सरकारने साध्या मिठाला नियम लावले.

आणि आता ज्यासाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं, ती गोष्ट. पाणी.

आमच्या जमिनीखालचं पाणी खारं आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. विहिरीचं पाणी पिकाला दिलं तर जमीन चोपण, म्हणजे खारवून कडक होते, म्हणून पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीला पाणी असूनही आमची शेती आभाळाच्या भरवशावर. योजनेचा नळ आठ-दहा दिवसांनी येतो. तोवर साठवलेलं पुरलं तर ठीक, नाही तर हापशी. ज्याला परवडतं तो आरओचा कॅन घेतो, तोही फक्त प्यायला. स्वयंपाकाला हापशीचंच. वरण त्यातच, भात त्यातच, चहा त्यातच.

कॅनवाल्या पोराकडे पेनासारखं टीडीएसचं, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत ते दाखवणारं यंत्र असतं. त्याला मी आमच्या हापशीच्या पाण्यात ते बुडवायला लावलं. १६५० आलं. भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे कागदावर आमचं पाणी ‘चालतं’. ग्रामपंचायतीत जाऊन पाणी तपासणीचा अहवाल पाहिला. त्यात क्लोराइड होतं, नायट्रेट होतं, फ्लोराइड होतं, काठिण्य होतं. सोडियम नव्हतं. गावातल्या ज्या बायकांना पाणी तपासायचं किट दिलं आहे, त्यांच्या किटमध्येही सोडियमची बाटली नाही. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात सोडियमची मर्यादाच दिलेली नाही, म्हणून कुणी ते मोजत नाही.

हिशोब करून पाहा. समजा लिटरला ४०० मिलिग्रॅम सोडियम निघालं. उन्हाळ्यात शेतात राबणारी बाई चार लिटर पाणी सहज पिते. सोळाशे मिलिग्रॅम झालं. दिवसभराची हद्द आहे दोन हजार मिलिग्रॅम, म्हणजेच ते पाच ग्रॅम मीठ. भाजीत मिठाचा कणही न घालता तिची चार ग्रॅम मिठाएवढी भरती पाण्यातूनच झाली. तिला तुम्ही ‘मीठ कमी करा’ सांगता आणि पुढच्या महिन्यात बीपी उतरलं नाही की वाटतं, ही ऐकत नाही. माझ्या सासूबाई त्याच घरात आरओचं पाणी पिऊन सोडियमवाचून बेशुद्धीच्या काठावर गेल्या, आणि मी हापशीचं पाणी पिऊन भाजीतलं मीठ निम्मं करत राहिले. एक घर, एक सल्ला. आमच्या पाण्यात नेमकं काय आहे हे तपासणीच्या त्या टेबलावर कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून मागणं असं, की खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक गावातल्या प्रत्येक चालू हापशीच्या, बोअरच्या आणि नळाच्या पाण्यातलं सोडियम एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर मोजा. त्याला फ्लेम फोटोमीटर नावाचं यंत्र लागतं, ते किटमध्ये मावणार नाही, पण प्रयोगशाळेत होतं. पाणीपुरवठा विभाग वेगळा आहे हे मला माहीत आहे. पण बीपीची तपासणी तुमची आहे, तेव्हा हा आकडा मागण्याचा हक्कही तुमचा आहे. तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, आणि मिलिग्रॅममध्ये लिहून सोडू नका. ‘या हापशीचं चार लिटर पाणी म्हणजे इतके ग्रॅम मीठ’ असं लिहा. उपकेंद्रात बीपीचा कागद भरताना एक प्रश्न वाढवा : पिण्याचं पाणी कुठलं, स्वयंपाकाचं कुठलं? ज्यांना पाण्याची गोळी चालू आहे अशा साठीपुढच्या माणसांचं रक्तातलं सोडियम मे लागण्याआधी एकदा तपासा. उन्हात निंदण-खुरपण करणाऱ्या मजुराला आणि गिरणीत सावलीत बसणाऱ्या माझ्यासारखीला मिठाचा एकच हिशोब सांगू नका.

आणखी एक. कमी सोडियमचं मीठ आता दुकानात मिळतं, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. चीनमध्ये ६०० खेड्यांत जवळपास एकवीस हजार माणसांवर त्याचा मोठा अभ्यास झाला. २०२१ साली त्याचा निष्कर्ष आला : ते मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिलं. खेड्यातल्या माणसांवर झालेलं काम आहे म्हणून ते मला जवळचं वाटलं. पण किडनी अधू असेल, किंवा पोटॅशियम वाढवणारी काही औषधं चालू असतील, तर हेच मीठ धोक्याचं. आमच्या पट्ट्यात किडनीच्या दुखण्याची धास्ती घराघरात आहे. दुकानदार पाकीट विकेल, किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा विचारणार नाही. हे मीठ आमच्याकडे सुचवायचं असेल तर आधी रक्त तपासून सुचवा, आणि ते साध्या मिठाच्या भावात मिळेल असं काही करा. नाही तर ते तालुक्याच्याच दुकानात राहील.

उपकेंद्रातल्या वजनकाट्याजवळ एक कागद चिकटवाल का? ‘पहिल्या आठवड्यात उतरलेलं आणि सणावारानंतर वाढलेलं वजन बहुतेक पाण्याचं असतं. महिन्याचा आकडा पाहा, रोजचा नको.’ तो कागद मी माझ्या गिरणीत लावला आहे. सोडून गेलेल्या त्या दोघींपैकी एक परवा दळण घेऊन आली होती. कागद वाचत जरा वेळ उभी राहिली, काही बोलली नाही, पण जाताना काट्यावर चढून गेली.

आमच्या हापशीच्या आणि नळाच्या पाण्याच्या दोन बाटल्या मी त्याच पाण्याने तीन-तीनदा विसळून, काठोकाठ भरून, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवल्या आहेत. कोणत्या वारी, कुठल्या प्रयोगशाळेत आणून द्यायच्या तेवढं कळवा. एसटीचं भाडं मी भरीन.

आपली नम्र,
पूर्णाकाठची एक गिरणीवाली